साठीनंतरचा गड : सहल आखावी ती उताराकडून

गड चढता येईल का, हा साठी ओलांडलेल्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न असतो. खरे तर गड उतरता येईल का, हे त्याआधी विचारायला हवे. चढताना दम लागतो, पण दम लागला की माणूस आपोआप थांबतो आणि पाच मिनिटांत पुन्हा चालू लागतो. उतरताना मात्र मांडीचे स्नायू शरीराचे वजन रोखून धरतात, गुडघ्याला पावलागणिक हादरा बसतो, आणि हे सारे घडते ते पाय थकलेले असताना, ऊन वर आलेले असताना आणि ‘आता काय, उतरायचेच तर आहे’ अशा बेफिकिरीत. म्हणून ज्येष्ठांच्या गटाची गडसहल आखताना गडाची निवड, सराव, वेळापत्रक आणि जेवणाची वेळसुद्धा उतार डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी.

कोणता गड निवडावा

उंचीचा आकडा पाहून गड निवडू नये. वाट कशी आहे ते पाहावे. पायऱ्यांची किंवा मळलेली वाट असेल, निसरडा घसारा नसेल आणि हातांचा आधार घेऊन उतरावे लागणारा कातळटप्पा नसेल, तर उंची थोडी जास्त असली तरी चालते. याउलट हरिहरसारखा गड माथ्याने लहान असला, तरी त्याच्या उभ्या कातळपायऱ्या कातळाकडे तोंड करून उतराव्या लागतात. ज्येष्ठांच्या पहिल्या गटसहलीसाठी तो नव्हे.

सर्वांत सोयीचे गड ते, जिथे चढायचे पायी आणि उतरायचे वाहनाने, असे करता येते. सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने चढावे, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खावे आणि गडावर पोहोचणाऱ्या डांबरी रस्त्याने गाडीत बसून खाली यावे. रायगडाच्या हजारांवर पायऱ्या सकाळच्या गारव्यात चढून परतताना रोपवे घेता येतो. मात्र शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रोपवेला मोठी रांग असते, तेव्हा मधला वार निवडावा. निवृत्तीचा हा एक निर्विवाद फायदा आहे आणि तो बहुतेक गट विनाकारण वाया घालवतात. ‘गाडीने उतरलो म्हणजे गड अर्धाच झाला’ असे म्हणणारा एखादा जण प्रत्येक गटात असतो; त्याला पायी उतरू द्यावे, पण सोबत एक माणूस द्यावा.

सासवडजवळचा मल्हारगड आकाराने लहान आणि चढाईला सोपा आहे, त्यामुळे पहिल्या चाचणीला तो उत्तम. शिवनेरीची पायऱ्यांची वाटही सुखाची आहे. या लेखात पुढे उदाहरण घेतले आहे ते लोहगडाचे, कारण तो चढायला फार अवघड नाही, पण त्याच्या उंच-सखल दगडी पायऱ्या उतरताना माणसाची खरी परीक्षा घेतात. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1033 मीटर आहे, आणि 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे.

आठ आठवड्यांची तयारी

रोज सकाळी सपाट रस्त्यावर तासभर चालणारी माणसे गडावर हमखास अडखळतात, कारण सपाटीवर चालण्याचा आणि पायऱ्या उतरण्याचा सराव वेगळा असतो. सहलीच्या आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन दिवस जिने चढावेत आणि लिफ्ट न घेता सावकाश उतरावेत. उतरताना पाय धप्पकन न टाकता, दोन आकडे मोजत खालच्या पायरीवर टेकवावा. मांडीला जी ताकद गडावर लागते ती याच सावकाशीने येते. पुण्यातल्यांना पर्वती किंवा वेताळ टेकडी आहे, मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ आहे, आणि जिथे टेकडी नाही तिथे इमारतीचा जिना पुरतो. तोल सांभाळण्याचा सरावही हवा. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद स्थिर राहता येत नसेल, तर आधी ते साधावे, मग गडाची तारीख ठरवावी.

सहलीच्या दोन आठवडे आधी संपूर्ण गटाने एकत्र दोन-अडीच तासांची टेकडी करावी, आणि तीही गडावर घालायचे तेच बूट, तीच पाठपिशवी आणि तीच काठी घेऊन. नवे कोरे बूट घालून गडावर आलेल्या माणसाच्या टाचेला फोड येतो आणि त्याच्यामुळे सगळा गट अडतो. चालण्याच्या काठ्या दोन असाव्यात. सपाटीवर काठी धरल्यावर कोपर काटकोनात यावे, इतकी तिची लांबी ठेवावी आणि उताराला ती पाच ते दहा सेंटिमीटरने वाढवावी. बांबूची काठीही चालते, फक्त ती पुरेशी लांब हवी.

या टेकडीवरच प्रत्येकाचा वेग पाहून घ्यावा. चालता चालता सलग वाक्य बोलता आले, तर वेग योग्य आहे. दोन शब्दांनंतर थांबावे लागले, तर तो जास्त आहे. नाडीचे ठोके मोजण्यापेक्षा ही कसोटी ज्येष्ठांसाठी अधिक भरवशाची आहे, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे हृदयाचे ठोके मुळातच मंद राहतात आणि मनगटावरचे घड्याळ ‘सर्व ठीक’ दाखवत राहते.

औषधांची चिठ्ठी

सहलीपूर्वी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि ‘फिरायला जातो आहे’ असे मोघम न सांगता, किती तासांची चढाई-उतराई आहे ते स्पष्ट सांगावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या त्या दिवशी कधी घ्यायच्या, इन्सुलिनची किंवा साखरेच्या गोळ्यांची मात्रा बदलायची का, हे त्यांनीच ठरवायचे असते. गटातल्या अनुभवी मित्राने नव्हे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर नेत्याला ते माहीत असायलाच हवे, कारण अशा माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो वरून ठणठणीत दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे लागते. नाव, वय, आजार, औषधे, रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. सगळ्यांचा कप्पा एकच असला, की घाईत शोधाशोध होत नाही.

छातीत दाब किंवा जडपणा, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच बसावे. ‘हळूहळू खाली जाऊ’ हा सल्ला अशा वेळी घातक ठरतो. त्या माणसाला पायी चालवायचे नाही. 108 वर रुग्णवाहिकेसाठी किंवा 112 वर आपत्कालीन मदतीसाठी फोन करावा. वाटेवर कुठे नेटवर्क मिळते, हे चढतानाच पाहून ठेवावे.

वेळापत्रक उलटे मांडावे

डोंगरात किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक नियम सांगितला : पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट गिर्यारोहकांचा आहे. ज्येष्ठांच्या गटाने त्याची दीडपट करावी आणि थांबे वेगळे मोजावेत. मळवली स्थानकापासून गायमुख खिंडीतून पायी गेल्यास गडाच्या पायथ्याची लोहगडवाडी पाच-सहा किलोमीटर पडते; तो हिशेब केला की पहिल्या वेळी वाडीपर्यंत गाडीने जाणे का शहाणपणाचे, हे कळते.

डिसेंबरमधला एक दिवस असा आखता येईल. साडेसातला लोहगडवाडीतून निघावे आणि गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा चार दरवाजांमधून पावणेनऊपर्यंत माथा गाठावा. माथ्यावर दीड तास घालवून सव्वादहाला परतीला लागावे. ही वेळ दगडावरची रेघ समजावी. विंचूकाटा, म्हणजे गडाची विंचवाच्या नांगीसारखी लांबच लांब सोंड, वरूनच फार देखणी दिसते. तिच्यावर जायला लहानसा कातळटप्पा उतरावा लागतो, तेव्हा ज्यांचे पाय ताजे आहेत आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनीच जावे. बाकीच्यांनी वरून पाहावी; त्यात काही कमी पडत नाही.

जेवण गडावर न करता उतरल्यावर वाडीत करावे. आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर गरम भाकरी आणि पिठले मिळते. भरल्या पोटी उंच पायऱ्या उतरणे टळते आणि गावातल्या घराला दोन पैसेही मिळतात. वर फक्त खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरे. लोहगडावर माकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे खाऊची पिशवी हातात धरून मिरवू नये.

पाण्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, आणि वाटेत शौचालय नाही म्हणून अनेकजण, विशेषतः स्त्रिया, मुद्दामच पाणी पीत नाहीत. याचा परिणाम दुपारी पायात गोळे येण्यात आणि चक्कर येण्यात दिसतो. वाडीत कोणाच्या घरचे शौचालय वापरता येईल हे आधी विचारून ठेवावे, वाटेतही आडोशाचा थांबा नेत्याने न विचारता जाहीर करावा आणि प्रत्येक थांब्यावर चार घोट पाणी सर्वांनी एकत्र प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर अर्थातच ते पाळावे.

चालण्याचा क्रम

बारा-पंधरा जणांच्या गटाला तीन जबाबदार माणसे लागतात : एक पुढे, एक मध्ये आणि एक अगदी शेवटी. सर्वांत हळू चालणारी व्यक्ती शेवटी नव्हे, तर पुढच्या नेत्याच्या लगेच मागे चालावी. मग गटाचा वेग आपोआप तिचा होतो. ती मागे पडली, की नेहमी एकच प्रकार घडतो. पुढचे लोक थांबून दहा मिनिटे बसतात, ती धापा टाकत पोहोचते आणि तेवढ्यात ‘चला, निघू या’ अशी हाळी येते, म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच ती मिळत नाही. म्हणून विश्रांती शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावी. शेवटच्या माणसाकडे शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये, फोटोसाठीसुद्धा.

गड-कातळांवर आग्या मोहोळ असते. अत्तर, तीव्र वासाचे तेल, धूर आणि आरडाओरड, चारही टाळावीत.

उतार

निघण्यापूर्वी सर्वांनी बुटाची नाडी घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधावी, नाहीतर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. गुडघा किंचित वाकलेला ठेवून पाऊल लहान टाकावे. ताठ पायाने टाच आदळू नये. पायरी गुडघ्याइतकी उंच असेल तर तिरके व्हावे, आधी दोन्ही काठ्या खालच्या पायरीवर टेकवाव्यात आणि मग पाय उतरवावा. उडी मारू नये. वाटेची दरीकडची बाजू सोडून भिंतीच्या बाजूने उतरावे. पाहायचे असेल तर थांबून पाहावे, चालायचे असेल तर चालावे, आणि मोबाइल खिशातच राहू द्यावा. मांड्या थरथरू लागल्या, तर ती थांबण्याची सूचना समजावी. मात्र त्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटे बसलेले अधिक चांगले.

पैसे घेऊन सहल नेणाऱ्या संस्थेबरोबर जायचे असेल, तर तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात तशी तरतूद आहे. ‘तुमच्या गटात सत्तरीची माणसे किती आणि परतीची वेळ कोणती?’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला नेमके उत्तर आले नाही, तर दुसरी संस्था शोधावी.

सहलीनंतर तिसऱ्या दिवशी नेत्याने प्रत्येकाला फोन करावा. मांड्यांचे दुखणे त्या दिवशीही असू शकते आणि ते हळूहळू जाते, पण गुडघा सुजला असेल किंवा एकाच पोटरीत दुखरी सूज आली असेल, तर ‘होईल कमी’ म्हणून न थांबता डॉक्टरांना दाखवावे. कोणाला काय त्रास झाला, हे वहीत नोंदवावे आणि त्यावरूनच पुढचा गड ठरवावा.