संग्रहालयात स्पर्शपटल टेबल वापरताना

स्पर्शपटल टेबल, म्हणजे बोटांच्या स्पर्शाने चालणारा पडदा बसवलेले टेबल, निवडण्यापूर्वी त्यावर नेमके काय दाखवायचे, हे ठरवावे. नाजूक हस्तलिखिताची पाने उलटणे किंवा जुना नकाशा मोठा करून पाहणे यांसाठी टेबल उत्तम ठरते. केवळ लांबलचक मजकूर वाचायला देण्यासाठी मात्र साधा फलकच बरा.

भिंतीवरच्या पडद्याला वरची व खालची बाजू असते, टेबलाला ती नसते. प्रेक्षक चारही बाजूंनी उभे राहत असल्यामुळे प्रत्येक चित्र आणि मजकुराची चौकट बोटांनी फिरवता आली पाहिजे, आणि एकाने केलेल्या कृतीमुळे दुसऱ्यासमोरचे दृश्य नाहीसे होता कामा नये. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, तर चौघांसाठी मांडलेले टेबल एकाच्याच ताब्यात जाते, असे मला प्रकर्षाने वाटते.

अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालणाऱ्या पटलावर थेट ऊन पडल्यास स्पर्श चुकीचा नोंदवला जाऊ शकतो, म्हणून ते खिडकीपासून दूर ठेवावे. चाकांच्या खुर्चीवरील प्रेक्षकाचे गुडघे आत जावेत यासाठी टेबलाखाली सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा ठेवावी. लहान मुले टेबलाच्या कडेवर रेलतात, म्हणून कोपरे गोलाकार असावेत.

काही काळ कोणी स्पर्श न केल्यास पटल आपोआप मूळ दृश्यावर यावे. पुसताना द्रव थेट काचेवर न फवारता मऊ मायक्रोफायबर कापडावर घ्यावा.