बागेच्या ट्रॅक्टरचा क्लच खोलण्याआधी

ऑक्टोबर छाटणी झाली आणि डावणी रोगाच्या फवारण्या लागल्या की द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला एक दिवसाची सुट्टी देता येत नाही. त्यामुळे क्लच घसरतोय असं वाटलं तर काम पोळ्याच्या सुमारास काढा, दसऱ्यापर्यंत ढकलू नका. मी मागच्या वेळी ते वेळेत काढलं होतं. नवी क्लचप्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेरिंग, सगळं बसवलं. तरी ऐन फवारणीत ट्रॅक्टर पुन्हा मधून खोलावा लागला, कारण फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, पोटातलं पायलट बेरिंग जुनंच राहिलं होतं. सामानाच्या चिठ्ठीवर पहिलं नाव तेच लिहा. पायलट बेरिंग. प्लेटच्या आधी.

हे बेरिंग बाहेरून कुठूनच दिसत नाही. क्लच उतरवला की फ्लायव्हीलच्या मधोमध, खोलात बसलेलं सापडतं. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचं टोक त्यात टेकलेलं असतं. पायडल दाबलं की इंजिन फिरत राहायचं आणि शाफ्टने थांबायचं. बेरिंग जाम असेल तर ते शाफ्टलाही सोबत ओढत नेतं. मग पायडल तळाला लावलं तरी गिअर कर्रर्र वाजतो आणि ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकतो. माझं हेच झालं. दोन दिवस मी पायडलच्या रॉडचे नट फिरवत बसलो, आणि तोवर फवारणी शेजाऱ्यांच्या ब्लोअरवर रात्री करून घ्यावी लागली. दीड-दोनशे रुपयांच्या बेरिंगपायी.

बाकीचं सामान: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील, रिलीज बेरिंग सरकवणाऱ्या फोर्कचे बुश, पायडलची परतीची स्प्रिंग. जुना नमुना हातात घेऊनच दुकानात जा. जुन्या मॉडेलमध्ये शाफ्टचे आटे, म्हणजे प्लेट ज्यावर सरकते त्या उभ्या खाचा, मोजून जुळवावे लागतात, नुसतं ट्रॅक्टरचं नाव सांगून भागत नाही. पायलट बेरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, पण तो दिसायला आधी ट्रॅक्टर खोलावा लागतो. त्यामुळे नंबर पार्ट्स बुकमधून आधीच काढून ठेवा. खोलल्यावर बघू म्हणालात की ते राहतं. प्लेट मध्यावर धरायला डमी शाफ्टही लागेल, तो लेथवाल्याकडून करून घ्या.

जागा सपाट आणि सिमेंटची हवी. बांधावर, मुरमावर हे काम करूच नका. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डोलतो. मागचा भाग सुटला की पुढचा अर्धा ट्रॅक्टर इंजिनासकट एका अंगावर कलंडू शकतो. एक्सल आणि त्यावरचं ब्रॅकेट यांच्यात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करायचा नाही. इंजिनाखाली टेकू, गिअरबॉक्सखाली दुसरा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, डिझेलचा कॉक बंद करा. वायरी आणि हायड्रॉलिकचे पाइप सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

क्लच उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात, जुन्या लायनिंगमध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा. मग थांबून नीट बघा. प्लेट तेलकट असेल तर तेल कुठलं ते ओळखा. काळं, पातळ असेल तर इंजिनाकडचं सील गेलंय. दाट आणि गंधकासारख्या वासाचं असेल तर गिअरबॉक्सकडचं. सील तसंच ठेवून नवी प्लेट बसवली तर तीही तेलात भिजणार. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर ते लेथवर घासून घ्या.

आणि फ्लायव्हीलपाशी आहातच, तर पायलट बेरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली, अडकलं, गंजाची लाल भुकटी बोटाला आली, तर काढा. काहीच लागलं नाही तरी काढा. आतल्या पोकळीत ग्रीस ठासून भरायचं, भोकात घट्ट बसणारा गोल रॉड घालून हातोडी मारायची. ग्रीसच्या दाबाने बेरिंग मागून बाहेर येतं. नवं बसवताना बाहेरच्या कड्याएवढी पान्याची गोटी (सॉकेट) लावून ठोका, आतल्या कड्यावर मारलंत तर नवं बेरिंग तिथेच खराब.

ग्रीसच्या बाबतीत हात आखडता ठेवा. शाफ्टच्या आट्यांवर बोटाने पातळ थर, प्लेट एकदा पुढेमागे सरकवायची आणि बाहेर आलेलं सगळं पुसून टाकायचं. जास्त झालं तर ते फिरताना उडून लायनिंगवर जातं आणि क्लच घसरतो. फोर्कच्या बुशला आणि पायडलच्या पिनेला मात्र मनापासून द्या, पावसाळ्यात पायडल जड होतं ते तिथेच. सीलबंद रिलीज बेरिंग डिझेलमध्ये बुडवून धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू खूण बघून लावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. दोन्ही भाग जुळवताना शेवटची फट बोल्टने ओढून मिटवू नका, बोल्ट बसतो तो कान तुटतो. गिअरमध्ये टाकून मागचं चाक जरा हलवा, आटे आपोआप बसतात. गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका.

पुढे पाइप, वायरी, तेल. पायडलला मॅन्युअलमध्ये दिलेली मोकळी चाल ठेवा. एक दिवस चालवून बोल्ट पुन्हा आवळा. आणि सगळं जोडण्याआधी, शाफ्ट आत सरकवण्याआधी, टेबलावर बघा: नव्या पायलट बेरिंगची डबी रिकामी आहे ना?