लेथवरनं सीएनसीवर जाताय? आधी ऑफसेट शिका

बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेला साध्या लेथवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं सीएनसीला, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या मशीनला, उगाच भितात बघा. स्क्रीन इंग्लिश, ढीगभर बटणं, आणि शेजारी आयटीआयचं पोरगं टकाटक बोटं चालवतंय. पण टूल बोथट झालं की आवाज कसा बदलतो, पातळ रिंग चकमध्ये जास्त आवळली की सोडल्यावर तिची गोलाई कशी जाते, हे तुम्हाला कधीचं माहीत हाय, मशीनला ते कुणीतरी सांगावंच लागतं.

प्रोग्राम लिहिणं नंतर, पयलं ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं ते मशीनला सांगणारा दुरुस्तीचा आकडा. समजा ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 40 मिमी आहे आणि मायक्रोमीटर 40.04 दाखवतोय, तर वेअर ऑफसेटला (टूल झिजल्याची दुरुस्ती टाकायची जागा) त्याच टूलच्या नंबरसमोर एक्समध्ये (व्यासाची दिशा) -0.04 द्यायचं. लेथवर अर्धा कट द्यायची सवय असते म्हणून बरेचजण -0.02 देतात, पण सीएनसी लेथवर एक्स बहुतेक व्यासातच असतो. बोअर (आतलं भोक) लहान आलं तर उलटं, प्लस. आणि फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर आकडा टाकून 'प्लस इनपुट' दाबा, नुसतं 'इनपुट' दाबलं की आधीचा आकडा पुसून नवा बसतो. जॉब गार होऊ दे मग मोजा, 40 मिमीचं स्टील 30 डिग्रीनं तापलं तर 14 मायक्रॉनच्या आसपास फुगतंय, ऑफसेट चुकीचा जाणार.

पयला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ) काढा, रॅपिड (कट न घेता टूल पळायचा वेग) एकदम कमी, बोट फीड होल्डवर (टूल जागीच थांबवायचं बटण). प्रत्येक ब्लॉकला 'डिस्टन्स टू गो' (अजून किती जायचंय तो आकडा) बघा, टूल जॉबपासून 5 मिमीवर दिसतंय आणि स्क्रीनवर 50 राहिलंय म्हणजे थांबवा, लगेच.

रोबो लोडिंग असेल तर गेटचा इंटरलॉक (गेट उघडलं की मशीन थांबवणारा स्विच) जंपर (वायरचा तुकडा) टाकून कधीच बायपास करू नका, टार्गेट राहिलं तरी चालेल. रोबो थांबलाय म्हणजे बंद नाही, तो सिग्नलची वाट बघत असतो, सिग्नल आला की हात आत आहे का बाहेर ते त्याला कळत नाही. आत जायचंच असेल तर पॉवर बंद, कुलूप, किल्ली आपल्या खिशात.

एक वही ठेवा. अलार्म नंबर आणि सेटरनं (मशीन सेट करून देणाऱ्यानं) काय केलं ते मराठीत लिहा, सेटर कन्नड बोलणारा असला तरी न लाजता परत विचारा, सांगतात की! वही भरत आली आणि अलार्म स्वतः सोडवायला लागलात की सुपरवायझरकडं सेटरचाच पगार मागा, ऑपरेटरच्या पगारात सेटिंग करत बसू नका.