पलंगालगतची क्रिब: आधी पलंग मोजा

नवजात बाळासाठी पलंगाला लावून ठेवायची क्रिब, म्हणजे कठड्याची छोटी खाट, घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत शोध मोबाइलवर सुरू होतो. रंग कोणता, चाके आहेत का, सोबत मच्छरदाणी मिळते का आणि किती दिवसांत घरपोच येईल, एवढे पाहून ऑर्डर दिली जाते. माझ्या मते हा शोध मोजपट्टीने सुरू व्हावा, आणि मोजायचा तो आपलाच पलंग. चारी बाजूंनी बंद असलेल्या साध्या क्रिबची सुरक्षितता आपल्या पलंगावर अवलंबून नसते. एक बाजू उतरवून पलंगाला जोडलेल्या क्रिबची सुरक्षितता मात्र पलंग, त्याची गादी आणि क्रिब या तिघांच्या जुळण्यावर अवलंबून असते. उत्तम बनावटीची क्रिबही चुकीच्या पलंगाला लावली की धोक्याची ठरते.

मुंबईतल्या घरांत हे जुळणे वाटते तितके सोपे नाही. जागा वाचवण्यासाठी आपल्याकडे बहुतेकांचा पलंग पेटीचा असतो: खाली गाद्या, रजया आणि पाहुण्यांची अंथरुणे, वर हायड्रॉलिकने उचलली जाणारी फळी, आणि बाजू थेट जमिनीला टेकलेल्या. पलंगालगतच्या अनेक क्रिबचे पाय मात्र पलंगाखाली सरकतील अशा बेताने बनवलेले असतात. आमच्या मुलुंडच्या घरी क्रिब आली, तासभर खपून जोडली, आणि पाय सरकवायला पलंगाखाली बोटभरही फट नाही हे तेव्हा कळले. विकणाऱ्याने ती परत घ्यायला नकार दिला, आणि पुढचे पाच महिने ती चौथी बाजू वर करून, पलंगापासून हातभर अंतरावर उभी राहिली. त्यात बाळाचे काहीच बिघडले नाही. फक्त आम्ही दिलेले जास्तीचे पैसे वाया गेले.

तेव्हा मोजायचे काय, ते पाहू. पहिले माप जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे. हे माप कडेला, म्हणजे जिथे क्रिब लागणार आहे तिथेच घ्यावे, कारण वापरून जुनी झालेली गादी कडेला दबलेली असते. दुसरे माप पलंगाखालच्या मोकळ्या जागेचे. तिसरे माप बहुतेक जण विसरतात, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: गादीची कड आणि पलंगाच्या चौकटीची बाहेरची कड यांतले अंतर. सागवानी किंवा प्लायच्या अनेक पलंगांना गादीभोवती दोन-तीन इंचांची लाकडी पट्टी असते आणि गादी तिच्या आत बसते. अशा पलंगाला क्रिब टेकवली तर ती लाकडाला चिकटते, गादीला चिकटत नाही, आणि दोन गाद्यांमध्ये नेमकी बाळ अडकेल एवढी घळ तयार होते. ही घळ दुपट्याने, टॉवेलने किंवा गुंडाळलेल्या रजईने भरून काढावी असा मोह होतो. ते अजिबात करू नये, कारण रात्रीतून ते कापड दबते, सरकते, आणि बाळाचा चेहरा त्यातच रुतण्याची भीती असते. फट शून्य करता येत नसेल तर त्या पलंगाला ती क्रिब जोडायची नाही, एवढा साधा निर्णय आहे.

उंची जुळवण्याबाबत उत्पादकाची पुस्तिका अवश्य वाचावी. अनेक क्रिबमध्ये उतरवलेल्या बाजूची वरची कड मोठ्या गादीच्या पातळीला यावी आणि बाळाची गादी तिच्याहून काहीशी खाली राहावी, अशी मुद्दाम केलेली रचना असते, कारण तो छोटा कठडा बाळाला मोठ्या पलंगावर घरंगळू देत नाही आणि मोठ्यांचे पांघरूणही आत येण्यापासून काही प्रमाणात अडवतो. उंची खाचांनी कमी-जास्त होते. आपल्या पलंगाची उंची दोन खाचांच्या मध्ये येत असेल तर «चालून जाईल» असे म्हणू नये. डोक्याकडची आणि पायाकडची खाच नेहमी एकाच क्रमांकाची ठेवावी. काही क्रिबमध्ये डोक्याकडची बाजू उंच करण्याची सोय असते आणि बाळ दूध उलटते म्हणून ती वापरावीशी वाटते, परंतु उतारावर झोपलेल्या बाळाची मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकू शकते आणि त्याची अरुंद श्वासनलिका दबू शकते. अमेरिकेत १० अंशांहून अधिक उतार असलेल्या झोपण्याच्या साधनांवर आणि क्रिबच्या आतून लावायच्या मऊ गुबगुबीत पडद्यांवर २०२२ च्या कायद्याने बंदी घातली गेली. आपल्याकडच्या दुकानांत ते पडदे उशी-लोडांच्या संचासोबत अजून सर्रास मिळतात, आणि बाळंतविड्यात हौसेने दिलेही जातात.

क्रिब पलंगाला जखडणारे पट्टे हा दुसरा कळीचा भाग. चाकांचा ब्रेक लावला म्हणजे पट्ट्यांची गरज नाही, असा समज दिसतो. तो चुकीचा आहे, कारण रात्री आई कुशीवर वळली किंवा बाळाला उचलताना हातावर भार दिला की गादी आणि क्रिब दोन्ही थोडीथोडी एकमेकांपासून दूर जातात. हे पट्टे साधारणपणे गादीखालून पलीकडच्या चौकटीपर्यंत नेऊन बक्कलाने घट्ट करायचे असतात. आपल्या खोल्यांत पलंगाची एक बाजू भिंतीला लागलेली असते, त्यामुळे ते बांधताना पलंग ओढावा लागतो. बाळ घरी येण्याआधी दोघातिघांनी मिळून हे काम उरकलेले बरे. बांधल्यावर क्रिब दोन्ही हातांनी जोरात बाहेर ओढून पाहावी. फट पडली तर पुन्हा आवळावी, आणि पुढे रोज रात्री बाळाला ठेवण्याआधी एकदा तळहात कडेवरून फिरवून खात्री करावी. पट्टे बांधणे शक्यच नसेल, तर चौथी बाजू वर करून ठेवावी.

जे रात्री जमिनीवर गादी घालून झोपतात, त्यांच्यासाठी या प्रकारची क्रिब नाहीच. त्यांनी चारी बाजू बंद असलेली, तळ जमिनीलगत असणारी घडीची क्रिब गादीशेजारी ठेवावी.

आता क्रिबकडे वळू. खोक्यावर किंवा पुस्तिकेत युरोपातील ईएन ११३० किंवा अमेरिकेतील एएसटीएम एफ २९०६ या मानकांचा उल्लेख आहे का, ते पाहावे. ही मानके लहान बाळांच्या क्रिब आणि पलंगालगतच्या क्रिब यांसाठीच आहेत. नुसते «आंतरराष्ट्रीय दर्जाची» असे लिहिलेले असेल आणि क्रमांक नसेल, तर त्याला अर्थ नाही. बाजू जाळीच्या असतील तर जाळीची छिद्रे बारीक, पाव इंचाहून लहान असावीत आणि ती कुठेही उसवलेली नसावी. लाकडी गज असतील तर दोन गजांमधील अंतर ६ सेंटिमीटरच्या आत असावे, कारण त्याहून रुंद फटीतून बाळाचे धड सरकते आणि डोके अडकते. क्रिबची गादी कडक आणि सपाट हवी: तळहाताने दाबून हात उचलला की खड्डा राहता कामा नये. हाताला ती लाकडासारखी वाटते म्हणून आजी-आजोबांना बाळाची दया येते, आणि मग ओळखीच्या गादीवाल्याकडून कापसाची मऊ छोटी गादी भरून आणली जाते. ती क्रिबमध्ये घालू नये. मऊ पृष्ठभागात चेहरा रुतला की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहते, आणि मान उचलण्याचे बळ त्याच्या अंगी अजून आलेले नसते. क्रिबसोबत आलेलीच गादी वापरावी. तिच्या आणि बाजूच्या मध्ये दोन बोटे जात असतील तर ती गादी त्या मापाची नाही.

गादीवर घट्ट बसणारी चादर आणि तिच्यावर बाळ, याखेरीज क्रिबमध्ये काहीही नको. मोहरीची उशी नको, लोड नको, मऊ खेळणे नको, सैल दुपटे नको. ओल लागू नये म्हणून रबरी कापड घालायचे असेल तर ते चादरीच्या खाली, ताणून घालावे. झोपताना गळ्यातला काळा दोरा, साखळी किंवा ताईत काढून ठेवावा. दृष्टीसाठी काही बांधायचेच असेल तर गळा सोडून अन्यत्र कुठे चालेल, हे घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून ठरवावे, कारण बारशाच्या दिवशी पाहुण्यांसमोर हा वाद घालणे जड जाते.

बाळाला दर वेळी पाठीवरच झोपवावे, हा सल्ला अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळाला पालथे न झोपवण्याची शिफारस केल्यापासून हळूहळू जगभर रुजला, आणि तिथे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू त्यानंतरच्या दशकात निम्म्यावर आले. पाठीवर झोपले तर उलटलेले दूध घशात जाईल, ही आपल्या घरांतली सर्वांत मोठी शंका. वास्तविक पाठीवर असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध पुन्हा अन्ननलिकेकडेच ओघळते. डोके चपटे होईल या काळजीवर उपाय असा की बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना, त्याला थोडा वेळ पालथे ठेवावे. हीच अकादमी बाळाने किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर झोपावे, असेही सांगते. बाळंतिणीला, विशेषतः सिझेरियन झालेली असेल तर, न उठता बाळाला दुधासाठी जवळ घेता यावे, हा पलंगालगतच्या क्रिबचा खरा लाभ. मात्र पाजून झाले की बाळ पुन्हा क्रिबमध्ये गेले पाहिजे; बाळ पलंगावर आणि क्रिबमध्ये धुतलेल्या कपड्यांचा ढीग, असे दृश्य मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

झोळीबद्दलही लिहायला हवे, कारण साडीच्या झोळीत मुंबईची कितीतरी पिढ्यांची बाळे वाढली आहेत. झोळीत बाळाची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि मान पुढे येते, म्हणून दिवसा कोणी डोळ्यांसमोर बसलेले असताना थोडा वेळ तिच्यात झुलवणे वेगळे आणि सगळे झोपलेले असताना रात्रभर तिच्यात ठेवणे वेगळे. आजोळचा जुना लाकडी पाळणा बारशासाठी जरूर सजवावा, त्यावर चिमणाळेही टांगावे. मात्र त्याचा ऑइलपेंट जुना असेल तर रोजच्या झोपेसाठी तो वापरू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही.

जागा ठरवताना खिडकी, पडद्याच्या दोऱ्या, चार्जरच्या वायरी आणि डोक्यावरचे फळीचे कप्पे यांपासून क्रिब दूर ठेवावी. दहा बाय दहाच्या खोलीत हे सगळे साधत नाही, हे मान्य. निदान दोऱ्या गुंडाळून वर बांधाव्यात आणि फळी रिकामी करावी. कपाटाचे दार पूर्ण उघडते का, आणि रात्री अंधारात मोरीपर्यंत जायला वाट उरते का, तेही क्रिब आणण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रे मापाने पसरून पाहता येते. एसी असेल तर त्याचा झोत थेट बाळावर नको, आणि पंखा चालू ठेवायला हरकत नाही. बाळाला उकडते आहे की गारठले आहे, हे हातापायांवरून कळत नाही. मानेमागे किंवा छातीला हात लावून पाहावे. मुंबईच्या उकाड्यात टोपी आणि जाड लपेटणे झोपताना टाळावे, आणि बाळ वळण्याचा प्रयत्न करू लागले की लपेटणे पूर्णच बंद करावे.

पावसाळ्यात दोन गोष्टींची भर पडते. डासांसाठी मच्छरदाणी हवीच, परंतु ती क्रिबच्या चौकटीवर ताणून बसणारी असावी. छतापासून सैल लोंबणारी जाळी बाळाच्या हाताला लागते आणि ओढली जाते. एक बाजू उघडी असलेल्या क्रिबला तर पलंगासकट सगळ्यांना सामावणारी मोठी मच्छरदाणीच सोयीची पडते. कॉइलचा धूर त्या खोलीत नको, आणि न्हाऊ घातल्यावर दिली जाणारी धुरीसुद्धा नको, मग मालिशवाल्या बाई कितीही रुसल्या तरी चालेल. दुसरी गोष्ट ओल. जुलैमध्ये चादर वाळायला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून त्या मापाच्या किमान चार चादरी आधीच घेऊन ठेवाव्यात, आणि गादी रोज सकाळी उभी करून तिच्या खालचा तळ पुसावा, नाहीतर पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते.

मूल होण्याआधी घरात काही आणायचे नाही, अशी पद्धत असलेल्या घरांनी मापे घेऊन, मॉडेल ठरवून आणि परत करण्याचे नियम विचारून ठेवावेत. ऑर्डर नंतर दिली तरी चालते. कोणाची वापरलेली क्रिब मिळत असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही, पण पट्टे, बक्कल, मूळ गादी आणि पुस्तिका यांतले एकही कमी असेल तर ती पलंगाला न जोडता वापरावी. एक बाजू सरकून खाली येणाऱ्या मोठ्या आकाराच्या जुन्या क्रिब तर घेऊच नयेत. त्यांच्या निखळणाऱ्या बाजूत बाळे अडकल्यामुळे अमेरिकेत त्यांची विक्री २०११ मध्ये थांबवली गेली.

या क्रिबचे आयुष्य थोडे असते. पुस्तिकेत वजनाची मर्यादा दिलेली असते, बहुधा ९ किलोच्या आसपास, परंतु वजनाआधी हालचाल पाहावी. बाळ हातागुडघ्यांवर उठू लागले, किंवा बाजू धरून स्वतःला वर ओढू लागले, की त्याच दिवशी ती बंद करावी. बऱ्याच बाळांत हे पाच-सहा महिन्यांत होते. पुढे उंच कठड्याची मोठी कॉट लागते, आणि ही क्रिब घडी होऊन पोटमाळ्यावर जाते. ठेवण्याआधी सगळे पट्टे, बक्कले आणि पुस्तिका एका पिशवीत घालून ती पिशवी क्रिबच्याच पायाला बांधावी, आणि आपल्या पलंगाला जुळलेल्या खाचेचा क्रमांक वर लिहून ठेवावा.