डाइव्ह रिसॉर्ट बुक करताय? खोली नंतर बघा, आधी कॉम्प्रेसर कुठंय ते विचारा

डाइव्ह रिसॉर्ट शोधायला बसलं की आधी काय दिसतं, तर पाण्यावरच्या खोल्या, झोपाळे आणि सूर्यास्त. मी पण पहिल्यांदा तेच बघून बुकिंग केलं होतं. खोली खरंच झकास होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण हाऊस रीफ, म्हणजे रिसॉर्टच्या किनाऱ्यालगतचं प्रवाळ, नुसता तुटलेल्या करड्या कांड्यांचा ढीग, बऱ्या साईटवर जायला बोटीने एका बाजूने पन्नास मिनिटं, आणि एका डाइव्ह मास्टरमागे (पाण्यात नेणाऱ्या गाईडमागे) आम्ही नऊ जण. दुसऱ्या दिवशी माझ्या भाड्याच्या बीसीडीचं (हवा भरून तरंगायच्या जॅकेटचं) फुगवायचं बटण मिठाने चिकटलं, म्हणजे दाबलं की आतच बसायचं आणि जॅकेट आपलं फुगतच चाललं. नशीब पाच मीटरवरच होतो आणि हवेचं होज (नळी) काढायचं सुचलं. तेव्हापासून मी उलट्या क्रमाने जातो, आधी डाइव्ह सेंटर आणि मग खोली. खोलीत तसंही आपण झोपण्यापुरतेच असतो, डाइव्ह करून आलेला माणूस जेवला की आडवा होतो.

आधी स्वतःशी खरं बोला, की तुम्ही नक्की किती डाइव्ह केलेत आणि शेवटची कधी. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या कोर्सचं कार्ड असेल तर मर्यादा 18 मीटर खोल, अ‍ॅडव्हान्स्ड असेल तर 30. आता ज्या बेटाची सगळ्यात भारी साईटच 25 मीटरवर सुरू होते आणि शिवाय करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह जोरात, तिथे ओपन वॉटरवाला गेला तर आठवडाभर सोप्या साईटवरच फिरवणार त्याला, आणि बरोबरच आहे त्यांचं. मालदीवमध्ये अ‍ॅटॉलच्या (गोल कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या) कडेला जे चॅनल असतात, त्यांना तिथे कंडू म्हणतात, तिथे शार्क बघायला मिळतात ते करंटमुळेच. इंडोनेशियातलं कोमोडो पण तसंच, करंट जबरदस्त. याउलट कॅरिबियनमधलं बोनेर. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळे दगड ठेवलेत, त्यावर साईटचं नाव लिहिलेलं, गाडीत सिलिंडर टाकायचे, दगड दिसला की थांबायचं, किनाऱ्यावरून चालत पाण्यात. नवीन माणसाला घाई नाही, बोटीची वेळ गाठायची नाही, पोट ढवळणं नाही. मला विचाराल तर पहिल्या वीस-पंचवीस डाइव्ह अशाच जागी कराव्यात, शार्क कुठे पळून जात नाहीत.

सीझनचं लोक अर्धवटच बघतात. पाऊस कधी एवढंच बघितलं की झालं असं वाटतं, पण पाण्याखाली वाऱ्याची दिशा जास्त महत्त्वाची. मालदीवचंच घ्या, ईशान्य मोसमी वारे असताना अ‍ॅटॉलच्या पूर्व बाजूला पाणी स्वच्छ आणि प्लँक्टन (पाण्यातले सूक्ष्म जीव) पश्चिमेकडे, म्हणून ते खाणारे मँटा रे मासे पण पश्चिमेला. नैर्ऋत्य मोसमात हेच सगळं उलटं. म्हणजे एकच रिसॉर्ट फेब्रुवारीत एका कारणासाठी चांगलं आणि ऑगस्टमध्ये वेगळ्याच कारणासाठी. आणि एखादी साईट डोक्यात ठेवून जाणार असाल तर तिथले नियम आधी वाचा. बा अ‍ॅटॉलमधल्या हनिफारू बे मध्ये मँटा बघायला लोक जगभरातून येतात पण तिथे स्कूबाला बंदीच आहे, फक्त स्नॉर्केलिंग. मलेशियातल्या सिपादानवर तर राहताच येत नाही, तिथली रिसॉर्ट्स 2004 च्या शेवटी बेटावरून हलवली, आता शेजारच्या बेटांवर राहायचं आणि दिवसाला ठरावीकच परमिट निघतात. तेव्हा 'सिपादानजवळ' असं लिहिलेलं रिसॉर्ट घेतलं म्हणजे सिपादानला डाइव्ह मिळाली असं नाही, परमिट माझ्या नावावर कुठल्या दिवसाचं आहे ते लेखी मागून घ्यायचं.

हाऊस रीफबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यातच जास्त फसगत होते. वेबसाईटवर 'सुंदर हाऊस रीफ' सगळेच लिहितात. विचारायचं असं, की रीफची कड किनाऱ्यापासून किती लांब आहे, ओहोटीला चालत पार करता येतं का, आणि मधे उथळ प्रवाळावरून जावं लागत असेल तर जेट्टीला शिडी आहे का. फोटो मागायचे, पण गेल्या काही महिन्यांतले. 2016 मध्ये आणि परत 2024 मध्ये पाणी तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, काही ठिकाणी सावरले, काही ठिकाणी नाही, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा रंगीबेरंगी फोटो बघून काही कळत नाही. आणि हाऊस रीफवर बडी (डाइव्हचा जोडीदार) घेऊन स्वतः जाता येतं का, की दरवेळी गाईड लागतो आणि त्याचे वेगळे पैसे? 'अनलिमिटेड हाऊस रीफ' म्हणतात ते बऱ्याचदा सकाळी आठ ते संध्याकाळी पाचच असतं, मग संध्याकाळच्या डाइव्हची मजा गेली की.

आता डाइव्ह सेंटरला मेसेज टाका. मी साधारण हे विचारतो: एका गाईडमागे जास्तीत जास्त किती जण, ग्रुप अनुभव बघून पाडता का, बोटीवर ऑक्सिजन असतो का, सगळ्यात जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हमधून त्रास झालेल्यावर दाबाखाली उपचार करायचा कक्ष) कुठे आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो. उत्तर काय आलं यापेक्षा कसं आलं ते बघा. 'डोन्ट वरी, एकदम सेफ' एवढंच आलं तर मी पुढचं रिसॉर्ट बघतो. ज्यांच्याकडे खरंच व्यवस्था असते ते लोक चेंबरचं नाव आणि बोटीचा वेळ सांगून मोकळे होतात, त्यांना राग वगैरे येत नाही. गाईडमागे चार जण असतील तर मस्त, सहापर्यंत चालेल, त्याच्यावर गेलं की तुमची डाइव्ह तुमची राहत नाही, कारण ज्याची हवा सगळ्यात लवकर संपते त्याच्याबरोबर सगळेच वर. तुम्ही सिलिंडरमध्ये 120 बार दाबाची हवा शिल्लक घेऊन बोटीत बसलेले आणि तो 50 वर. (कधी कधी तो आपणच असतो, हे पण आहे.)

आणि हो, पहिल्या दिवशी चेक डाइव्ह (तुमचं कौशल्य बघायची सोपी डाइव्ह) घेतली तर नाक मुरडू नका. जिथे कार्ड न बघता, लॉगबुक (केलेल्या डाइव्हची नोंदवही) न विचारता थेट करंटमध्ये नेतात तिथे बाकीच्यांचं पण काही बघितलेलं नसतं, आणि तेच बाकीचे तुमचे बडी असणार.

पोचल्यावर पैसे पूर्ण भरायच्या आधी डाइव्ह शॉपमध्ये एक चक्कर मारा, दहा मिनिटं पुरतात. कॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरायचं मशीन, कुठंय आणि त्याची हवा ओढायची नळी कुठे तोंड करून आहे ते बघा. शेजारी डिझेल जनरेटर धूर सोडत असेल तर तोच धूर सिलिंडरमध्ये जाणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पाण्यात खोलवर त्याचा परिणाम आणखी वाढतो. हवेला तेलाचा वास आला तर ते सिलिंडर घ्यायचंच नाही. मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण, हातात घ्या, माऊथपीसचे चावायचे कोपरे तुटलेले आहेत का, होज जिथे फर्स्ट स्टेजला (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला) जोडलेलं असतं तिथे वाकवून बारीक भेगा दिसतात का. सिलिंडर उघडून रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्या आणि तेव्हा गेजकडे बघा, काटा प्रत्येक श्वासाला खालीवर हलत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही किंवा काहीतरी अडलंय. गोड्या पाण्याची टाकी बघा, पाणी गढूळ आणि वर वाळूचा थर म्हणजे गिअर कसं सांभाळतात ते कळलं. ऑक्सिजनची पेटी उघडून दाखवा म्हणायचं, गेजवर आकडा दिसायला हवा. एका ठिकाणी मी मागितली तर पेटीची किल्लीच सापडेना, माणूस ड्रॉवर उचकत बसला, आणि मी त्याच्याकडे बघत.

बोटीवर पाण्यात उतरलेल्यांची नावं पाटीवर लिहून, वर आल्यावर मोजणी होते का हे पण बघा. नावाने हाक मारतात की नुसती डोकी मोजतात, यात फरक आहे.

दिवसांचं गणित. पाच रात्रींचं पॅकेज म्हणजे पाच दिवस डाइव्हिंग नव्हे. पहिला दिवस पोचण्यात जातो, शेवटचा विमानामुळे, कारण डाइव्हनंतर लगेच उडणं धोक्याचं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅनची शिफारस अशी की नो-डिको मर्यादेतली (वर येताना सक्तीने थांबावं लागत नाही अशा वेळेतली) एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास, एका दिवसात अनेक किंवा सलग बरेच दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास, आणि बरेच जण सरळ 24 धरतात. सीप्लेन पण विमानच आहे हे लोक विसरतात. शिवाय मालदीवमध्ये सीप्लेन दिवसाउजेडीच उडतात, तुमचं विमान रात्री उतरलं तर एक रात्र बाहेर गेली, आणि त्या रात्रीचे पैसे रिसॉर्ट सोडत नाही. म्हणून दोन छोट्या ट्रिपपेक्षा एक आठवड्याची सलग परवडते, मला तरी.

पॅकेज घेताना दहा डाइव्हचं स्वस्त दिसतं पण न केलेल्या डाइव्हचे पैसे परत मिळतात का ते विचारा. सर्दी झाली, कान उघडेना, तर तीन दिवस गेलेच समजा. मी आता पाचचं घेतो आणि लागल्या तर वाढवतो, थोडे जास्त गेले तरी चालतील. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) फुकट असेल तर तेवढ्यासाठी एखादं रिसॉर्ट पुढे ठेवायला हरकत नाही, दिवसाला तीन डाइव्ह करणाऱ्याला नो-डिको वेळ जास्त मिळतो, फक्त कार्ड हवं आणि 32 टक्के ऑक्सिजन असेल तर साधारण 33 मीटरच्या खाली जायचं नाही.

मेडिकल फॉर्म घरीच मागवून भरा. दमा, बीपी, ऑपरेशन, अशा बऱ्याच गोष्टींना 'हो' लिहिलं की डॉक्टरची सही लागू शकते, आणि बेटावर तो डॉक्टर शोधणार कुठे. लोक मग तिथे सगळ्याला 'नाही' लिहितात, तेवढं करू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलंय का आणि किती मीटरपर्यंत, हे बारीक अक्षरांत असतं, चेंबर आणि तिथपर्यंत न्यायचा खर्च दोन्ही आहे का बघा, नाहीतर डाइव्हिंगचा वेगळा काढा.

बाकी गिअर भाड्याने घ्या पण मास्क स्वतःचा न्या, चेहऱ्याला नीट बसणारा. आणि नवीन असेल तर निघायच्या आधी काचेला आतून साधी टूथपेस्ट दोन-तीनदा घासून धुवा, कारखान्यातला पातळ थर असतो तो गेला नाही तर थुंकी लावली काय आणि स्प्रे मारला काय, पहिल्या डाइव्हला सगळं धुकंच दिसतं.