डर्ट बाइकचा एअर फिल्टर: तेल पिशवीत घालून चोळा

फोमच्या फिल्टरला हाताने तेल लावलं तर ते सगळीकडे सारखं लागत नाही. कुठे थबथबतं, कुठे कोरडं राहतं. त्या कोरड्या जागेतूनच बारीक धूळ इंजिनात जाते आणि पिस्टन-सिलिंडर घासत राहते.

१. फिल्टर काढल्याबरोबर एअरबॉक्समधून (फिल्टर बसतो तो डबा) इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, मगच आतली माती पुसा.

२. फोम पिंजऱ्यावरून (आतला सांगाडा) उतरवून फिल्टर क्लीनरमध्ये, नंतर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून-दाबून धुवा. पिळू नका, जोडावरचा गोंद सुटतो. पूर्ण सुकू द्या, ओल राहिली तर तेल धरत नाही.

३. आता खरी युक्ती. जाड प्लास्टिकच्या पिशवीत फोम ठेवा, फिल्टर ऑइल (फोम फिल्टरसाठीचं चिकट तेल) ओता, तोंड बंद करून बाहेरून मळा. रंग सगळीकडे एकसारखा दिसला की झालं. जादा तेल दाबून काढा. हातही चिकट होत नाहीत.

४. फोम पिंजऱ्यावर चढवा, कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि फिल्टर नीट बसलाय का ते बोट फिरवून बघा. फडकं काढायला विसरू नका!

मी दोन फिल्टर ठेवतो. एक गाडीत, दुसरा तेल लावून पिशवीतच तयार. धुळीतून आल्यावर फक्त बदलायचा. फोम हाताला ठिसूळ लागला किंवा जोड उसवला, तर न धुता नवाच घाला.

पेट्रोलने मात्र धुऊ नका. गोंद आणि फोम दोन्ही खराब होतात, शिवाय आगीचा धोका.