रिफायनरीच्या शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्ये ऊर्ध्वपातन युनिट कसे मांडावे

खान्देशात रिफायनरी नाही. परंतु जळगावच्या विद्यापीठातील रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून किंवा धुळे-शिरपूरकडील महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या ज्या मुलामुलींना माहुल, कोयली किंवा जामनगर येथे उत्पादन-नियोजनाचे काम करायचे आहे, त्यांना या कामाचा गाभा घरच्याच अनुभवातून समजू शकतो. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस टाकला की साधारण एक तृतीयांश रुई मिळते, उरलेल्यात बहुतांश सरकी असते आणि थोडी घट जाते. रुई, सरकी आणि घट यांची बेरीज कापसाच्या वजनाइतकी आली नाही, तर जिनिंगवाला हिशोब पुढे नेत नाही. ऊर्ध्वपातन युनिट म्हणजे क्रूड (कच्चे तेल) तापवून त्याचे वेगवेगळे भाग सुटे करणारे युनिट. त्याची मांडणीही उताऱ्याचा, म्हणजे किती मालातून काय किती निघते याचा, असाच हिशोब आहे; फरक इतकाच की येथे माल पाचसहा वाटांनी बाहेर पडतो आणि प्रत्येक क्रूडचा उतारा वेगळा असतो.

पहिले काम एककांचे आहे. क्रूडची खरेदी बॅरलमध्ये होते, टाकीचे माप घनमीटरमध्ये येते आणि युनिटचा हिशोब टनांत चालतो. एक बॅरल म्हणजे १५८.९८७ लिटर, हे सॉफ्टवेअरला ठाऊक असते. मात्र घनता १५ अंश सेल्सिअसला मोजलेली आहे की ६० अंश फॅरनहाइटला, हे आपणच सांगावे लागते. माझा आग्रह असा आहे की युनिटभोवतीचा सगळा ताळेबंद वजनातच ठेवावा, कारण मिश्रण करताना आकारमान किंचित बदलू शकते, वजन बदलत नाही.

त्यानंतर प्रवाह आणि कट, म्हणजे उत्कलनाच्या तापमानानुसार पाडलेले क्रूडचे भाग, ठरवावेत. क्रूड भट्टीत साधारण ३५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वातावरणीय दाबाच्या स्तंभात सोडतात. त्याहून फार अधिक तापवल्यास तेलाचे रेणू तुटू लागतात, म्हणून तळाचा अवशेष पुढे कमी दाबाच्या व्हॅक्यूम स्तंभात नेतात. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन स्तंभ दोन स्वतंत्र युनिट म्हणून मांडावेत. वायू, नाफ्था, केरोसीन, डिझेल आणि अवशेष यांच्या सीमा क्रूडच्या तपासणी अहवालातील, म्हणजे ‘ॲसे’मधील, उत्कलन-वक्रावरून घ्याव्यात. केरोसीन आणि डिझेलच्या सीमेवर, उदाहरणार्थ २३० ते २५० अंशांदरम्यान, एक छोटा ‘स्विंग कट’ वेगळा ठेवावा, म्हणजे मागणीनुसार तो कोणत्याही बाजूला वळवता येतो.

आता उताऱ्याचा तक्ता. येथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश पाहू. समजा, ‘अ’ या हलक्या क्रूडचा वजनी उतारा वायू २, नाफ्था २४, केरोसीन १८, डिझेल २८ आणि अवशेष २७.५ टक्के आहे. ‘ब’ या जड क्रूडचा तोच उतारा १.५, १७, १२, २४ आणि ४५ टक्के आहे. दोन्हींची बेरीज ९९.५ येते आणि उरलेला अर्धा टक्का घट म्हणून स्वतंत्र प्रवाहात दाखवावा. घट कुठल्यातरी उत्पादनात मिसळून १०० पूर्ण करण्याचा मोह टाळावा, कारण पुढे मोजमापातील खरी गडबड त्याच आड लपते. ६० टक्के ‘अ’ आणि ४० टक्के ‘ब’ घेतल्यास डिझेल २६.४ टक्के आणि अवशेष ३४.५ टक्के मिळतो.

गंधकाचा हिशोब मात्र थेट ६०:४० या प्रमाणात करता येत नाही. ‘अ’च्या डिझेलमध्ये ०.१५ टक्के आणि ‘ब’च्या डिझेलमध्ये १.१ टक्के गंधक धरले, तर सरळ प्रमाणाने उत्तर ०.५३ येते. प्रत्यक्षात २६.४ भाग डिझेलपैकी १६.८ भाग ‘अ’मधून आणि ९.६ भाग ‘ब’मधून आलेले असतात, म्हणून बरोबर उत्तर सुमारे ०.५० टक्के आहे. विक्रीच्या डिझेलमध्ये १ एप्रिल २०२० पासून देशभर गंधकाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) आहे. तिथपर्यंत गंधक उतरवण्याचा सारा भार पुढच्या हायड्रोट्रीटरवर, म्हणजे हायड्रोजन वापरून गंधक काढणाऱ्या युनिटवर, पडतो, त्यामुळे हा आकडा चुकला की त्याचेही वेळापत्रक चुकते. घनता आकारमानाच्या प्रमाणात मिसळते आणि विष्यंदितेसाठी, म्हणजे तेलाच्या दाटपणासाठी, निर्देशांक वापरावा लागतो. प्रत्येक गुणधर्मासमोर मिश्रणाचा नियम निवडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मर्यादा भरताना केवळ कमाल क्षमता देणे पुरेसे नाही. किमान प्रवाह, भट्टीची मर्यादा आणि विशेषतः पुढच्या युनिटची ताकद द्यावी. वरील मिश्रण ताशी ५०० टनांनी चालवले तर ताशी १७२.५ टन अवशेष निघतो. व्हॅक्यूम युनिट ताशी १६० टनच घेऊ शकत असेल, तर दररोज ३०० टन अवशेष टाकीत साठत जातो आणि ३,००० टनांची मोकळी जागा दहा दिवसांत भरते. वेळापत्रकाने हे पहिल्याच दिवशी दाखवायला हवे.

टाक्या जोडताना तळाशी न उपसता येणारा साठा वेगळा नोंदवावा आणि नव्या क्रूडला स्थिरावण्यासाठी व पाणी काढण्यासाठी वेळ राखून ठेवावा. क्रूड बदलल्यावर नवा उतारा क्षणात लागू होत नाही. संक्रमणाचे काही तास वेगळी घटना म्हणून मांडावेत आणि त्या काळातील संशयास्पद माल कोणत्या टाकीत जाईल, हे आधीच ठरवावे.

शेवटी मागील दोन आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रवाह व क्रूडचे मिश्रण भरून मांडणी चालवावी आणि प्रत्येक टाकीची पातळी रोजच्या नोंदीशी ताडून पाहावी. एकाच उत्पादनात फरक सतत एकाच दिशेने येत असेल तर कट-सीमा तपासावी, आणि सगळ्याच उत्पादनांत येत असेल तर क्रूडच्या मीटरकडे किंवा घनतेकडे आधी पाहावे. मांडणी जुळल्यावरही रोज सकाळी टाक्यांचे मोजलेले साठे प्रारंभीचे साठे म्हणून भरावेत. कालच्या वेळापत्रकाने सुचवलेले आकडे तसेच पुढे नेऊ नयेत.